कामगार आळशी झालाय की त्याला कुणी काही सांगितलंच नाही?

प्रॉडक्शन शीट बघून हे दोन प्रकार ओळखूच येत नाहीत. माणसाला कामच करायचं नाहीये म्हणून आकडा पडला की वर काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलंच नाही म्हणून पडला, दिसायला दोन्हीकडे तेच, आउटपुट कमी, रिजेक्शन जास्त, दांड्या वाढलेल्या. आणि मॅनेजर लोकांचं निदान बहुतेक वेळा पहिलंच, कारण त्यात आपल्याकडे बोट येत नाही, असं आपलं माझं मत.

खरा कामचुकार शक्यतो एकटा सापडतो. लाइन बदला, मशीन बदला, सुपरवायझर बदला, तो तसाच. न कळवल्यामुळे गेलेला उत्साह मात्र एका ठरावीक तारखेपासून आणि सगळ्या लाइनचा एकदम जातो, म्हणजे पीस रेट (नगामागे मिळणारे पैसे) बदलला किंवा शिफ्ट फिरवली आणि कालपर्यंत मन लावून काम करणारे पण ढिले पडले. अख्खी लाइन एकाच सोमवारी आळशी होते का हो?

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मॅरियनला हारवुड म्हणून पायजमे शिवणारी फॅक्टरी होती, तिथे कामाची पद्धत आणि रेट बदलताना कोच आणि फ्रेंच या दोन संशोधकांनी कामगारांचे वेगवेगळे गट केले, पेपर छापून आला १९४८ ला. एका गटाला नेहमीसारखं बोलावून सांगितलं, स्पर्धा वाढलीय, आता असं करायचं, हा नवा रेट, शंका असतील तर विचारा. बाकीच्यांना बदल ठरवतानाच सोबत घेतलं, काहींचे प्रतिनिधी, काही गट तर सगळेच्या सगळे. पहिल्या गटाचं आउटपुट पडलं ते वर आलंच नाही, आणि ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले, बाकीच्या गटांतून कुणीच गेलं नाही. खरी गंमत पुढे आहे, अडीचेक महिन्यांनी पहिल्या गटातल्या उरलेल्यांना परत नवीन काम दिलं, पण यावेळी ठरवण्यात घेऊन, तर तीच माणसं भराभर वर आली. स्वभावच आळशी असता तर हे कसं झालं असतं?

आणि नीट बघा, पहिल्या गटाला सांगितलं होतंच की, विचारलं नव्हतं एवढंच. नुसता नोटीस बोर्डावर कागद डकवणं तर त्याच्याही खालचं.

अमेरिकेतच शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात बँक वायरिंग रूम, म्हणजे टेलिफोनच्या स्विचची वायरिंग करायची खोली होती, तिथले १४ जण (१९३१-३२) आपसात ठरवलेल्या आकड्याच्या वर जायचेच नाहीत, का तर जास्त केलं की रेट कापतील ही भीती. लांबून बघणाऱ्याला ती कामचुकारीच वाटणार.

उपाय उलटा लागला की मात्र वाट लागते. कामचुकाराला नुसतं समजावत बसलात तर त्याच्या वाटचं ओढणारे चिडतात, आणि अंधारात ठेवलेल्या लाइनला मेमो दिलात तर त्यांचा संशय पक्का होतो.

घोळ होतो तो जुन्या केसमध्ये. एखादा सुरुवातीला विचारतो, पार्ट परत का आले, फिक्स्चर (काम करताना पार्ट पकडून ठेवणारा साचा) कधी दुरुस्त होणार, उत्तर येत नाही, मग तो विचारणं सोडतो आणि हळूहळू खरंच पाट्या टाकायला लागतो. त्याला आज केबिनमध्ये बोलावून विचारलं तर "सगळं ठीक आहे साहेब" एवढंच ऐकायला मिळेल, त्यापेक्षा जुनी शिफ्ट रजिस्टरं काढून त्याचा आकडा कधीपासून घसरला आणि त्याच्या आधी त्याने काय काय मागितलं होतं ते बघा, आणि त्यातलं एखादं काम आधी करून टाका, बोलणं मग.