‘शेवटी सगळा कचरा एकत्रच होतो’ हे खरं नाही

नेरूळ-वाशीच्या सोसायट्यांत वर्षानुवर्षं एक वाक्य ऐकू येतं: "आपण वेगळा करून काय उपयोग, पुढे सगळं एकत्रच करतात." हा गैरसमज आहे आणि त्यानं फार नुकसान केलंय.

नवी मुंबईचा कचरा तुर्भ्याला जातो. तिथे ओल्याचं खत होतं, सुका निवडला जातो. पण निवडायला तो सुका राहिला पाहिजे ना! आमटी सांडलेला पुठ्ठा नव्या कागदासाठीच्या लगद्यातही जात नाही, भंगारातही नाही. दुधाची पिशवी विसळून वाळवली तर विकली जाते; तीच आंबट वासाची, चिकट झाली की फेकली जाते. कापलेला कोपरा पिशवीलाच जोडलेला ठेवा, तो चिमुकला तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.

दुसरा गैरसमज दुकानदारांचा: नियम फक्त घरांना. नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घर, दुकान, हॉटेल सगळ्यांनाच ओला, सुका आणि घरगुती घातक (जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं वगैरे) असं वर्गीकरण सक्तीचं केलं. दिवसाला सरासरी 100 किलोंहून जास्त कचरा करणारे तर ‘मोठे कचरा उत्पादक’ ठरले.

सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र कागदात नीट गुंडाळूनच द्या. ते उचलणारे हात माणसाचेच असतात.