कोंग्लिश

कोरियन भाषेत रुळताना ज्यांचा उच्चार, अर्थ किंवा दोन्ही बदलले अशा इंग्रजी शब्दांना कोंग्लिश म्हणतात. कोरियन माणूस इंग्रजी शिकू लागतो तेव्हा यांतले कितीतरी शब्द त्याला लहानपणापासून येत असतात. अडचण तिथेच आहे: नवा शब्द पाठ करता येतो, ओळखीचा शब्द नव्याने ऐकायला शिकणे फार अवघड.

राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेल्या हंगुल या कोरियन लिपीत आज प्रत्येक अक्षराच्या आरंभी एकच व्यंजन येते. त्यामुळे इंग्रजीत एका दमात उच्चारला जाणारा ‘स्ट्राइक’ कोरियनमध्ये ‘सु-थु-रा-इ-खु’ असा पाच अक्षरांचा होतो. (यातला ‘उ’ ओठ गोल न करता म्हणायचा.) ‘स्ट्रा’मध्ये तीन व्यंजने सहज बसवणाऱ्या मराठी माणसाला याचे नवल वाटेल, पण स्टेशनचे ‘टेशन’ आणि स्कूलचे ‘इस्कूल’ आपल्याकडेही झालेच. र आणि ल यांना कोरियनमध्ये एकच चिन्ह आहे, त्यामुळे इंग्रजीतले ‘राइस’ आणि ‘लाइस’, म्हणजे भात आणि उवा, कानाला वेगळे लागत नाहीत.

अर्थाचे वळण अधिक फसवे असते. खाणावळीत मालकाने प्रेमाने फुकट आणून ठेवलेली वाटी म्हणजे ‘सर्व्हिस’. ‘मीटिंग’ म्हणजे अनोळखी मुलामुलींनी जोडीदाराच्या शोधात घोळक्याने भेटणे. ‘कनिंग’ म्हणजे परीक्षेतली कॉपी. हा शब्द जपानीतून आला. ‘फायटिंग’मध्ये भांडण नाही, ते ‘लढ बाप्पू’सारखे प्रोत्साहन आहे.

दक्षिण कोरियात १९९७ पासून इंग्रजी तिसरीपासून शिकवले जाते. मुले शब्दांच्या वह्या भरतात, शब्द पुन्हापुन्हा लिहून काढतात. पण लिहिलेला शब्द डोळ्यांना ओळखता येतो, कानाला नाही. ‘सुनुंग’ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या ४५ प्रश्नांपैकी १७ ऐकून सोडवायचे असतात, आणि तेवढा वेळ देशभर विमानांची चढउतार थांबवली जाते. त्या शांततेत पाच अक्षरांची सवय असलेल्या कानावर ‘स्ट्राइक’ एका झटक्यात येऊन निघून जातो.

तरीही कोंग्लिशला चुकांचा ढीग मानणे अन्यायाचे आहे. हे शब्द कोरियन भाषेचे आहेत, आणि तिथे ते अचूकच आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने कोरियन मुळाचे २६ शब्द घेतले. त्यांत प्रोत्साहनाचे ‘फायटिंग’ होते आणि खुद्द ‘कोंग्लिश’ही.