शिपायांची संघटना: १९८२ पूर्वी आणि नंतर

राज्यात शिक्षकांची संघटना आहे, तलाठ्यांची आहे, मंत्रालयातल्या कर्मचाऱ्यांची आहे. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांचीही आहे. पोलीस शिपाई आणि हवालदारांची मात्र नाही. एकेकाळी होती. ती कशी गेली हे ठाऊक नसेल, तर पोलिसांच्या ड्युटीच्या तासांवर आज चालणारी चर्चा अर्धवटच कळते.

कायद्याने शिपायाला सरसकट नकार दिलेला नाही, हे आधी सांगायला हवं. राज्यघटनेचं कलम १९ संघटना स्थापन करण्याचा हक्क देतं आणि सुव्यवस्था राखणाऱ्या दलांपुरता तो मर्यादित करण्याची मुभा कलम ३३ संसदेला देतं. त्या आधारे १९६६ साली पोलिसांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. सरकारच्या मंजुरीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचं सभासद होता येत नाही, असं तो म्हणतो. म्हणजे मंजुरी मिळाली तर वाट मोकळी. इंग्रजांनी १९२२ साली पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्ध कायदा केला, त्यातही सरकारमान्य पोलीस संघटनेच्या कल्याणकारी कामाला सूट होती.

खुद्द इंग्लंडमध्ये त्याआधी काय घडलं होतं ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट १९१८ मध्ये लंडनचे पोलीस संपावर गेले, १९१९ मध्ये पुन्हा संप झाला. दुसऱ्या संपातले सगळे बडतर्फ झाले आणि कायद्याने पोलिसांच्या युनियनवर बंदी आली. पण त्याच कायद्याने पोलीस फेडरेशन उभं केलं. संपाचा हक्क गेला, पण पगार आणि कामाच्या अटींवर बोलायला अधिकृत जागा मिळाली. आपल्याकडे बंदी तेवढी ठळक राहिली.

दिल्लीत डिसेंबर १९६६ मध्ये बिगर-राजपत्रित पोलिसांच्या संघाला मान्यता मिळाली. तेव्हा केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. काही महिन्यांतच, एप्रिल १९६७ मध्ये, दिल्ली पोलिसांचं आंदोलन पेटलं आणि पुढे मान्यता काढून घेतली गेली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८६ च्या निकालाचा सारांश असा, की संघटना करण्याच्या हक्कात सरकारी मान्यता मिळण्याचा हक्क येत नाही.

मधल्या काळात, १९७९ च्या मे-जूनमध्ये, पंजाबातून सुरू झालेलं पोलिसांचं आंदोलन राज्याराज्यांत पसरलं. केरळने त्याच वर्षी वेगळी वाट धरली. तिथे पोलीस असोसिएशन उभी राहिली आणि आजही शिपाई मतदान करून आपले प्रतिनिधी निवडतात. त्यामुळे केरळात शिस्त कोसळलेली नाही. महाराष्ट्रात हा विषय निघाला की ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते, याची खंत वाटते.

महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटनेच्या मागण्या साध्या होत्या: राहायला घर, पुरेसा पगार, ठरलेले तास, साहेबांच्या घरची कामं बंद. १५ ऑगस्ट १९८२ ला मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटेपर्यंत संघटनेची मान्यता रद्द झाली होती आणि पुढाऱ्यांना अटक झाली होती. शहर भडकलं. गिरणी संपाला त्याच दिवशी बरोबर सात महिने झाले होते, आणि नायगाव-वरळीच्या बीडीडी चाळींत पोलीस आणि गिरणी कामगार शेजारी शेजारी राहत होते. एकाच नळावर पाणी भरणारी ही माणसं. गिरणगाव पोलिसांच्या बाजूने रस्त्यावर आलं, ते उगाच नाही. सरकारने सीमा सुरक्षा दल आणि लष्कर उतरवलं. जाळपोळ आणि लुटालूट झाली, तिचं समर्थन कुणी करू नये. पण मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने त्या दंगलीबरोबर शिपायाचं बोलणंही मिटवून टाकलं.

त्यानंतर उरला तो अर्ज. गाऱ्हाणं मांडायचं ते एकट्याने, वरिष्ठांच्या दरबारात, टोपी घालून सावधान उभं राहून. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तोच अनेकदा समोर बसलेला. मी पोलीस लाइनीत वाढले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वडिलांचा डबा तसाच परत यायचा, भाकरी कडक झालेली. आई बाकीच्या बायकांशी त्यावर बोलायची, वडील कधीच नाही. शिपायाला बोलायची चोरी, म्हणून पुढे बायका आणि मुलंच बोलू लागली. राज्यात पोलिसांच्या मुलांच्या संघटना निघाल्या त्या याच कारणाने.

आठ तासांच्या ड्युटीचं पाहा. राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या पहिल्याच अहवालात शिपायाच्या हालांवर बोट ठेवलं होतं. मुंबईत प्रत्यक्ष प्रयोग सुरू व्हायला मे २०१६ उजाडलं, देवनार पोलीस ठाण्यात. त्याचं वेळापत्रक कुठल्या समितीने नव्हे, तिथल्याच एका शिपायाने आखलं होतं. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते मनावर घेतलं, म्हणून ते अमलात आलं.