भायखळ्याचा तुरुंग ते गोवंडी: लसीकरणाच्या हिशेबाची पार्श्वभूमी

जानेवारी 1897. मुंबईत प्लेगचं थैमान चालू होतं. जीवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग ती भायखळ्याच्या तुरुंगात नेली. काही कैद्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडे प्लेग किती जणांना होतो ते पाहिलं. कैद्याच्या ‘हो’ला कितपत अर्थ असतो, हा प्रश्न बोचतोच. पण हिशेब सरळ होता, कारण तुरुंगात माणसं किती ते पक्कं ठाऊक होतं.

शहरात घोडं नेमकं तिथेच अडतं. 1978 मध्ये देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम आला, 1985 मध्ये तो ‘सार्वत्रिक’ झाला आणि गोवराची लस त्यात आली. किती मुलांना लस मिळाली याची टक्केवारी काढायची ती दिलेल्या डोसांना अपेक्षित मुलांच्या संख्येने भागून. ही संख्या आणायची कुठून? बाई बाळंतपणाला माहेरी जाते, बाळाचे पहिले डोस गावीच होतात. झोपडं तुटलं की कुटुंब दुसऱ्या वॉर्डात जातं. खासगी दवाखान्यात टोचलेली लस पालिकेच्या वहीत उतरेलच असं नाही. भाजक चुकला की कागदावर शंभर टक्क्यांच्या वरही मजल जाते!

म्हणून घरोघर जाऊन विचारायची पद्धत आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पाहणीत 30 वस्त्या आणि प्रत्येकी 7 मुलं, एवढ्यावर अंदाज बांधत. मुलं 12 ते 23 महिन्यांची. पण वस्त्या यादीतून निवडायच्या. जी वस्ती यादीतच नाही, तिची पाळी कधी येणार?

1992-93 पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. तिचं काम पाहणारी लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या मुंबईतल्या देवनारची. कार्ड असेल तर कार्ड बघतात, नसेल तर आईला आठवेल ते खरं धरतात. दीड वर्षाच्या पोराला कोणती सुई कधी दिली, हे कुणाला धड आठवतं? तरी वाढ खरी आहे: सगळ्या मूलभूत लशी मिळालेली मुलं देशात 2005-06 मध्ये सुमारे 44 टक्के होती, 2019-21 मध्ये 76.

आणि 2022 च्या अखेरीस, देवनारला लागूनच असलेल्या गोवंडीत गोवराने मुलं दगावली. सरासरीत गल्ली दिसत नाही. मग पालिकेची पथकं दारोदार फिरली, ताप-पुरळ आलेली आणि डोस राहिलेली मुलं शोधत.