मूल हरवले तर चोवीस तास थांबण्याची अट नाही

मूल हरवल्यावर चोवीस तास उलटल्याखेरीज पोलीस तक्रार घेत नाहीत, हा समज कोल्हापुरात नवरात्रातील अंबाबाईच्या दर्शनरांगेपासून जोतिबाच्या चैत्र यात्रेपर्यंत ऐकू येतो. त्याला कायद्याचा कोणताही आधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर दिलेल्या निर्देशांनुसार, अठरा वर्षांखालील मूल बेपत्ता झाल्याची तक्रार येताच गुन्हा नोंदवावा लागतो आणि उलट काही सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास करावा लागतो. हद्दीची सबबही चालत नाही, कारण कोल्हापूरच्या भवानी मंडपात चुकलेल्या मुलाची तक्रार गडहिंग्लजच्या ठाण्यातही शून्य क्रमांकाने (म्हणजे हद्द न पाहता नोंदवून नंतर संबंधित ठाण्याकडे पाठवण्यासाठी) नोंदवता येते.

खरी अडचण वर्णनाची असते. ‘सावळा, निळा शर्ट’ एवढ्यावर गर्दीत मूल सापडत नाही (शर्ट तर कोणीही बदलू शकतो). उंची, भुवईवरचा व्रण, पडलेला पुढचा दात आणि अलीकडचा फोटो उपयोगी पडतो, बारशाचा नव्हे. यात्रेत मुलाच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, मात्र मुलाचे नाव कपड्यांवर ठळक लिहू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या अनोळखी माणसावर मूल चटकन विश्वास ठेवते. मदतीसाठी १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक अहोरात्र सुरू असतात.