याकुत्स्कमधल्या इमारती खांबांवर का उभ्या आहेत?

सध्या सायबेरियातल्या याकुत्स्कच्या थंडीचे रील्स सगळीकडे फिरतायत. गोठून काठीसारखी ताठ उभी राहिलेली जीन्स, बाजारात खोक्यात उभे रचलेले मासे (फ्रीज कशाला, बाहेरच उणे ४० आहे). त्यातल्याच एकात जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवलेल्या मोठ्या इमारती दिसतात आणि खाली कमेंटमध्ये लोक ठामपणे सांगतायत, बर्फाचे ढीग साचतात म्हणून असं बांधतात, नाहीतर लेना नदीला पूर येतो म्हणून. आता याकुत्स्कमध्ये वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून होतो जेमतेम २४० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी, तेव्हा ढिगांचं सोडून द्या. हे खांब आहेत ते घराची ऊब जमिनीला लागू नये म्हणून!

तिथे उन्हाळ्यात पारा तिशीच्या वर जातो बरं का, पण जानेवारीची सरासरी उणे ४०च्या आसपास, त्यामुळे वर्षभराचा हिशोब शून्याच्या बराच खाली राहतो आणि जमीन कायमची गोठलेली. हाच पर्माफ्रॉस्ट. उन्हाळ्यात फक्त वरचा दीड-दोन मीटरचा थर वितळतो. शेर्गिन नावाच्या एका माणसाने १८२८ साली याकुत्स्कमध्ये विहीर खणायला घेतली, पाणी काही लागेना, गडी खणतच राहिला, १८३७पर्यंत ११६ मीटर खाली गेला तरी माती गोठलेलीच. मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने १८४४ साली त्याच खड्ड्यात उतरत्या खोलीवर तापमानं मोजली, तर अगदी तळाशीही शून्याच्या खाली. विहीर म्हणून फुकट गेली, पण पर्माफ्रॉस्टच्या अभ्यासाची सुरुवात म्हणून लोक तिचंच नाव घेतात.

गोठलेली माती कडक असते, कारण मातीच्या कणांना आतला बर्फ धरून ठेवतो. तो वितळला की चिखल. आता अशा जमिनीवर थेट घर बांधलं आणि आत हीटर लावून २२-२५ अंश ठेवले तर ती उष्णता फरशीतून खाली झिरपत राहते, घराखाली वितळलेल्या मातीची वाटी तयार होते, मधे खोल आणि कडेला उथळ, मग घर एका बाजूला खचतं, भिंती फाटतात. आपल्याकडे काळ्या मातीत पाया नीट न घेतलेल्या घरांना जशा तिरक्या भेगा पडतात ना, तसंच, कारण तेवढं वेगळं. म्हणून घर उचलायचं आणि खालून उणे ४०चा वारा खेळू द्यायचा. शिवाय घराखाली बर्फ साचत नाही. भुसभुशीत बर्फ उष्णता अडवतो, त्यामुळे मोकळ्या मैदानातली जमीन त्याखाली थोडी उबेत राहते आणि घराखालची उघडी जमीन उलट जास्त गार होते. खांबही ठोकून घालत नाहीत, भोक पाडून खांब सोडायचा, भोवती पातळ चिखल ओतायचा आणि गोठू द्यायचं, मग इमारतीचं बरंचसं वजन त्या गोठलेल्या पकडीवरच पेललं जातं.

जिथे एवढ्याने भागत नाही तिथे थर्मोसायफन लावतात, आणि माझा खरा जीव या नळीवर आहे. बंद लोखंडी नळी, अर्धी जमिनीत, अर्धी बाहेर, वरच्या टोकाला पत्र्याच्या पाकळ्या, आत थोडासा अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड. पंप नाही, वीज नाही, हलणारा एकही पार्ट नाही. हिवाळ्यात जमीन समजा उणे ३ आणि हवा उणे ४०. नळीतला दाब ठरतो सगळ्यात गार टोकावरून, म्हणजे वरून, आणि त्या कमी दाबाला उणे ३वर बसलेला अमोनिया चक्क उकळायला लागतो. एक किलो अमोनियाची वाफ व्हायला साधारण १३०० किलोज्यूल लागतात, ते तो मातीतून उचलतो, वाफ वर जाते, पाकळ्यांशी थंड होऊन परत द्रव होते, उष्णता हवेत सोडते आणि नळीच्या भिंतीवरून ओघळून खाली येते. एक किलो पाणी गोठवायला ३३४ किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे अमोनियाच्या एका किलोच्या एका फेरीत शून्य अंशाचं जवळजवळ चार किलो पाणी गोठतं. उन्हाळ्यात वरचं टोक गरम, वाफ तिथे थंडच होत नाही, चक्र आपोआप बंद. उष्णता बाहेर जाते पण आत येत नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी सरळ डायोड समजावा. अलास्काची १९७७ साली सुरू झालेली पाइपलाइन तेल गरम असल्यामुळे अर्ध्याहून जास्त लांबी जमिनीवरून नेलीय आणि तिच्या आधारखांबांमध्ये अशा लाखाहून जास्त नळ्या आहेत. तिबेटच्या रेल्वेमार्गावरही दिसतात.

हाच नियम कळला की याकुत्स्कमधल्या बाकीच्या गोष्टीही लक्षात येतात. पाण्याचे आणि हीटिंगचे पाइप जाड आवरण घालून जमिनीवरून, रस्ता आला की कमान करून वरून. आणि गावाकडे अजूनही लोक हिवाळ्याच्या सुरुवातीला नदीचा बर्फ लाद्या कापून आणतात, उन्हाळ्यासाठी त्या जमिनीखालच्या तळघरात ठेवतात (तिथले मूळचे साखा लोक त्याला बुलूस म्हणतात) आणि लागेल तसं वितळवून पितात.

पर्माफ्रॉस्टचं नाव काढलं की आपले न्यूज चॅनल मात्र 'झोंबी व्हायरस' घेऊन येतात. २०१४ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी ३० हजार वर्षं जुन्या गोठलेल्या मातीतला विषाणू पुन्हा सक्रिय केला हे खरं, पण तो अमीबाला होतो, माणसाला नाही. ही ओळ स्क्रीनवर कधीच येत नाही.

खरी काळजी बिनग्लॅमरची आहे. हिवाळे उबदार झाले की थर्मोसायफनला काम करायला गार दिवस कमी मिळतात आणि खांबांची पकड सैल होते. मे २०२० मध्ये रशियातल्याच नोरिल्स्क शहरात डिझेलची टाकी फुटून २० हजार टनांहून जास्त डिझेल सांडलं, कंपनीने पर्माफ्रॉस्टकडे बोट दाखवलं, चौकशीत टाकीच्या बांधकामातले दोषही निघाले. हवामानावर ढकललं की देखभालीचा प्रश्न कोणी विचारत नाही. याकुत्स्कमध्येही खचणाऱ्या इमारतींमागे बऱ्याचदा काय असतं, तर घराखाली फुटलेला गरम पाण्याचा किंवा सांडपाण्याचा पाइप. सांडपाण्यात क्षार असतात, ते मातीत मुरले की ती शून्याला गोठतच नाही, आणखी खाली जावं लागतं, आणि मग वरून कितीही गार वारा खेळवा, त्या जागेची पकड परत येत नाही.