मेंदूच्या फोटोतला लाल डाग येतो कुठून?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा परत तो फोटो फिरला, करड्या मेंदूवर लाल-पिवळे डाग आणि खाली 'मंत्र ऐकताना मेंदूचा हा भाग पेटतो'. पेटत बिटत काही नाही हो, मेंदू चोवीस तास सगळीकडे चालूच असतो. असे फोटो काढणारं एफएमआरआय मशीन रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नलमध्ये पडणारा फरक टिपतं (जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावांनी १९९० मध्ये हे उंदरांवर दाखवलं), आणि तो फरक जेमतेम टक्का-दोन टक्के. लाल रंग नंतर कॉम्प्युटर भरतो, तोही वजाबाकी करून.

या वजाबाकीला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि खरी मजा तिथेच आहे. समजा मशीनमध्ये झोपवलेल्या माणसाला ठाणे स्टेशनची मराठी अनाउन्समेंट ऐकवली, मग हिंदी, मग तीच मराठी उलटी वाजवून, म्हणजे आवाज आहे पण अर्थ गुल, आणि मधेमधे शांतता. मेंदूचे दोन-तीन मिलिमीटरचे ठोकळे पाडतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात, आणि शांततेच्या मानाने कुठल्या आवाजाला किती प्रतिसाद आला याचा प्रत्येक ठोकळ्यासाठी आकडा काढतात. मग प्रत्येक आवाजाला एक वजन द्यायचं, आकड्याला त्याने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची; ती शून्याच्या बरीच वर आली की ठोकळा लाल. अर्थ कुठे कळतो ते शोधायचंय, तर वजनं मराठीला १, हिंदीला ०, उलटीला −१. उलटी वजा न करता नुसतं मराठीला १ दिलं तर ऐकण्याचा अख्खा भाग लाल होणार, कारण तुलना शांततेशी झाली.

आता हिंदीपण घ्यायची म्हणून घाईत १, १, −१ लिहिलं की वाट लागली. एखाद्या ठोकळ्याला भाषेशी काही देणंघेणं नाही, तिन्ही आवाजांना तो सारखाच २ देतो. २ अधिक २ वजा २, उत्तर २, झाला लाल! अर्धा, अर्धा, −१ दिलं की १ अधिक १ वजा २, म्हणजे शून्य, बरोबर. म्हणून अशा तुलनेत वजनांची बेरीज शून्य यावी लागते.

तरी एक खोच राहतेच. मराठीला प्रतिसाद −१ आणि उलटीला −३ आला तरी फरक +२, म्हणजे दोन्ही वेळा सिग्नल शांततेपेक्षा खाली गेलाय आणि फोटोत मात्र डाग लालच.

शिवाय ठोकळे हजारोंनी, त्यामुळे काही निव्वळ योगायोगानेही लाल होतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि मंडळींनी चक्क मेलेला सॅमन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, तर त्याच्याही मेंदूत 'हालचाल' दिसली! दर ठोकळ्याची एक अशा इतक्या सगळ्या चाचण्या एकदम केल्याची दुरुस्ती गणितात केल्यावर ते डाग गेले.